संघ मल्लांचा आणि नटांचा

भाऊबीजेची ओवाळणी झाली की पुण्या-मुंबईची दिवाळी आटोपते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मात्र खरी मौज तेव्हाच सुरू होते. गावोगाव मंडई भरते. कुठे दिवसा शंकरपटात बैलजोड्या धावतात, आणि रात्री दहाच्या सुमारास उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. हा हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. खेळ आणि नाटक यांची ही जोडी पाहिली की मला आठवण होते ती रोमन अमलाखालच्या ग्रीसची. चमकू नका, वाचकहो, सांगतो!

तिथेही देवाच्या नावाने उत्सव भरत आणि त्यांत कुस्ती, मुष्टियुद्ध, शर्यती यांच्याबरोबर गाणे-नाटकही होई. नटांनी डायोनायसस या देवाच्या छत्राखाली आपले संघ इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातच बांधले होते. मागाहून मल्लांनी तीच वाट धरली. आपल्या तालमीत जसा मारुती, तसा त्यांच्या संघात हेराक्लीस. इ.स.पूर्व पहिल्या शतकात मार्क अँटनीकडे त्यांनी मागणे घातले. रदबदलीला होता अँटनीचाच स्नेही, आर्टेमिडोरस नावाचा वस्ताद. लष्करात भरती नको, गावाची खर्चिक मानाची कामे नकोत, घरी शिपाई उतरवू नयेत, उत्सवकाळात जीव सुरक्षित राहावा आणि जांभळे वस्त्र लेण्याचा मान मिळावा, अशा त्या मागण्या. अँटनीने त्या मानल्या.

पुढे संघाने ब्रिटनच्या विजयाबद्दल सम्राट क्लॉडियसला सोन्याचा मुकुट धाडला. इ.स. 46 मध्ये त्याचे आभाराचे पत्र आले. ते संघाने किती जपावे? 194 साली हर्मिनोस नावाचा मुष्टियोद्धा नेपल्सच्या स्पर्धेच्या वेळी शंभर देनारियस भरून सभासद झाला, तेव्हा त्याच्या दाखल्यात त्या पत्राची नक्कल घातलेली होती! इजिप्तमध्ये सापडलेला तो पपायरस आज लंडनमध्ये आहे. त्यात हर्मिनोसचे टोपणनावही आहे: 'मोरोस', म्हणजे ठोंब्या. पण परमुलखात हाती कागद असावा, एवढे या ठोंब्याला नेमके कळत होते.

संघाला रोममध्ये दप्तरासाठी जागा हवी होती. हेड्रियनने 134 साली ती देऊ केली. प्रत्यक्ष दिली अँटोनायनस पायसने, 143 साली. सरकारी कामाला तेव्हाही नऊ वर्षे लागत!

मल्लांचा हा संघ स्वतःला 'हिंडता' म्हणवी. हा शब्द वाचला आणि मला वडसा आठवले. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या गावाचे दुसरे नाव देसाईगंज. नाटक मंडळ्यांची कार्यालये इथे आहेत. गावकरी येतात, नाटक पाहून तारीख पक्की करतात. मग नट, वादक, पडदे सारे गाडीत बसून आज या गावी, उद्या त्या गावी. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सारी झाडी आनंदली.

पण पदक एकाच्या छातीवर लागते, पोट मात्र साऱ्या मंडळीला असते. ज्याची चूल रात्रीच्या प्रयोगावर पेटते, त्याला 2020 सालची महासाथ कशी गेली असेल? खेळ नाही, म्हणजे बिदागी नाही. बैलांच्या शर्यतींचेही तसेच. 2014 साली बंदी आली. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली, तोवर पटाची मैदाने सुनी होती.

ग्रीक मल्लांना हे दुखणे ठाऊक होते. टाळ्या मनगटाच्या जोरावर मिळतात, उद्याची शाश्वती मात्र एकजुटीने मिळते, हे ओळखूनच ते सम्राटाच्या दारी एकेकटे गेले नाहीत. आपल्या हिंडत्या कलावंतांच्या हाती आजारपणात आणि म्हातारपणी उपयोगी पडेल असा एखादा दाखला असावा, असे मला वाटते. शंभर देनारियस भरणारा तो ठोंब्या याला खचित मान डोलावील.