‘व्हय म्हाराजा’ची सवय आणि मानसशास्त्रीय चाचणी

मालवण-कुडाळकडच्या गावांत देवळासमोर गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा एकजण मागणे मांडतो आणि भोवतीचा जमाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. प्रत्येकाला ते मागणे पटलेले असतेच असे नाही. होकार देणे ही तिथली रीत आहे. हीच रीत चाचणीच्या कागदावर उतरली तर?

मानसशास्त्रात याला प्रतिसादशैली म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी १९४६ साली याकडे लक्ष वेधले. कोणी प्रत्येक विधानापुढे ‘सहमत’ लिहितो, कोणी कायम मधला पर्याय धरतो, तर कोणी चांगले दिसेल तेच निवडतो. मोजली जाते ती सवय, आणि निकाल लागतो स्वभावाचा!

आपल्या राज्य शिक्षण मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली होती. खाजगी समुपदेशक आणि नोकरभरती करणाऱ्या कंपन्या आजही प्रश्नावल्या वापरतात. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘जोहार मायबाप’ म्हणायला लावले, त्या समाजातला मुलगा साहेबासमोर ‘असहमत’वर खूण करताना कचरणार नाही काय? ‘निर्णय घेताना मला दुसऱ्याचा आधार लागतो’ या विधानालाही तो मान डोलावतो आणि ‘नेतृत्वगुण नाहीत’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. हा शेरा मुलावर की व्यवस्थेवर?

उत्तर कोणासमोर द्यायचे, यानेही निकाल बदलतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने उतरली. सर्वांसमोर जात पुकारताच त्यांची कामगिरी घसरली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. बुद्धी तीच होती, परिस्थिती बदलली होती.

म्हणून पालकांनी निकालाचा कागद हाती आला की हक्काने विचारावे. काही विधाने उलट अर्थाची होती का? तशी असली तर नुसता होकार पकडता येतो. प्रश्न मुलाला त्याच्या बोलीत समजावून दिले का? खोलीत जातीचा उल्लेख झाला का? एकाच प्रश्नावलीवरून मुलाची वाट का ठरवता?

परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. चाचणीला बसवण्याआधी आपल्या मुलांना एवढे जरूर सांगा की ‘नाही’ म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

जयभीम!