एलएस३/५ए : लहान पेटीतला स्वच्छ आवाज
बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी हा स्पीकर घडवला. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची, पातळ बर्च प्लायवूडची बंद पेटी; आत केईएफ कंपनीचे बी११० आणि टी२७ हे दोन ड्रायव्हर. त्याची खरी थोरवी मानवी आवाजात आहे. निवेदकाचा श्वास आणि शब्दाची धार लपत नाही. गायक दोन पेट्यांच्या मधोमध उभा असल्यासारखा ऐकू येतो. खर्ज मात्र खोल जात नाही. १०० हर्ट्झच्या थोडे वर असलेल्या उठावामुळे तो भरीव भासतो, म्हणून चेलो पटतो, पण पाइप ऑर्गनचा तळ हरवतो. संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास असल्याने मोठ्या दालनात तो अपुरा पडतो. भिंतीपासून दूर, कानाच्या उंचीच्या भक्कम स्टँडवर तो सर्वोत्तम वाजतो.