कड्यावरून वाकलेला वामन

'बॉन्साय' या जपानी शब्दाला मराठीने 'वामनवृक्ष' असे नाव दिले, ते मोठे चपखल आहे. मूळ अर्थ तबकातली लावणी, एवढाच. आपण मात्र त्यात बलिप्रतिपदेची सारी कथा ओतून मोकळे झालो! त्या बटूच्या तिसऱ्या, पाताळाकडे नेणाऱ्या पावलाशी नाते सांगणारी बॉन्सायची एक शैली आहे. तिला जपानीत 'केंगाई' म्हणतात. कड्यावर रुजलेले झाड बर्फाच्या नि दरडींच्या भाराने खाली झुकावे, तसा तिचा डौल. शेंडा कुंडीच्या बुडाखाली उतरला तर ती पुरी केंगाई. काठाखाली येऊन थांबला तर अर्धी. सह्याद्रीच्या कातळातून लोंबणारी पायर ज्याने पाहिली आहे, त्याला हे रूप परके वाटू नये.

या शैलीसाठी ज्युनिपर फार लाडके. आयुर्वेदातली हपुषा याच गणातली. फांद्या लवचिक, पालवी बारीक. परंतु झाड थंड मुलखाचे. नाशिकच्या वैशाखात त्याला सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि दुपारी सावलीत सरकवावे.

तार, सुतळी आणि छाटणी यांचे धडे नाशिककराला जपानहून घ्यायला नकोत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, काडी वाकवून तारेला बांधणे, हे सारे इथल्या द्राक्षबागांत रोजचे. फरक इतकाच, की बागेत वेल तारेवर पसरते. येथे तारच झाडाला वेढते आणि काम होताच निघून जाते.

काम थंडीत करावे. आदल्या दिवशी पाणी तोडले, की फांद्या जरा मऊ पडतात. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश घ्यावी. तिचे एक टोक बुंध्यामागे मातीत खोल रोवावे आणि ४५ अंशांच्या तिरप्या वेढ्यांनी ती वर न्यावी. वेढे सैल नकोत, आवळलेले तर नकोतच. खोड जाड असेल तर आधी केळीचे ओले सोपट गुंडाळावे. मग दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवावे. वेढा बाहेरच्या अंगाला आला तर साल फाटत नाही. बारीकशी कुरकुर ऐकू आली, की त्या दिवसापुरते थांबावे. त्याच हंगामात कुंडीही बदलण्याची घाई करू नये. एका वेळी एकच संकट पुरे.

खरी झुंज पुढे असते. झाडाची ओढ वर. वरचे कोंब सारा जोर खातात आणि खाली सोडलेली शेपटी उपाशी राहते. म्हणून वरचे कोंब खुडत राहावे, शेपटीच्या टोकाला मात्र हात लावू नये. पण फांदी पार बोडकी करू नये. हिरवे उरले नाही, तर ज्युनिपरची ती फांदी मरतेच.

झाडाचे हे हाल कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. मला तारेत क्रौर्य दिसत नाही. तार विसरण्यात दिसते. फांदी पोसते, तार सालीत रुतते आणि तो वण वर्षानुवर्षे राहतो. दर पंधरवड्याला पाहावे, आणि तार उलगडत न बसता कातरीने तुकडे करून काढावी. फांदी उसळून वर आली, तर पुन्हा बांधावी.

आणि हे झाड दिवाणखान्यात ठेवू नये. ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवेगार दिसते. घरची मंडळी पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत असतात आणि झाड केव्हाच गेलेले असते. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडावी. खाली ओली हिरवी रेघ दिसली, तर कुंडी आजच गच्चीवर न्यावी.