डॅफोडिलची हौस, निशिगंधाचा कंद

डॅफोडिलचे कंद आपल्याकडे फुलतील का, असं मला पोखर्णीत अधूनमधून विचारतात. मी सरळ नाही म्हणतो. त्या कंदातून फुलाचा दांडा वर यायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते. परभणीचा हिवाळा त्याला पुरत नाही. पैसे वाया जातात.

कंदाचीच हौस असेल, तर निशिगंध लावा. तोही मूळचा मेक्सिकोचा पाहुणा, पण आपलं ऊन त्याला मानवलं आहे. काळ्या जमिनीत पाणी साचलं की कंद सडतो, म्हणून वरंब्यावर लावावा. नृसिंहाला हार न्यायचा तर एकेरी फुलाची जात, फुलदाणीसाठी दुहेरी. खालच्या एक-दोन कळ्या उमलल्या की सकाळच्या गारव्यात दांडा कापून लगेच पाण्यात ठेवावा. रोज पाणी बदललं, टोक जरासं छाटलं, की वरच्या कळ्या घरातच उमलत राहतात.