परवलीचा शब्द की संस्थेचा दाखला? : जावा वेब-प्रणालीसाठी संघीय एकल प्रवेशाची मांडणी

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाला आज अनेक परवलीचे शब्द सांभाळावे लागतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा वेगळा, ई-नियतकालिकांचा वेगळा, संस्थेच्या शोधनिबंध-भांडाराचा वेगळा. इतके शब्द लक्षात राहत नाहीत. मग एकच शब्द सगळीकडे वापरला जातो, किंवा तो दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर लिहिला जातो. त्यामुळे एका ठिकाणी तो फुटला की सर्व दारे एकदम उघडी पडतात.

या अडचणीवरील उपाय म्हणजे संघीय एकल प्रवेश, अर्थात फेडरेटेड सिंगल साइन-ऑन. प्रस्तुत लेखात डीस्पेस या प्रणालीचे उदाहरण घेऊन ही व्यवस्था कशी बसवतात याचे विवेचन केले आहे. डीस्पेस ही जावा भाषेत लिहिलेली मुक्त प्रणाली अमेरिकेतील एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे 'शोधगंगा' हे भांडार याच प्रणालीवर चालते. बसवण्याचे काम तंत्रज्ञ करील. परंतु त्यातील काही निर्णय तंत्रज्ञाचे नसून महाविद्यालयाचे असतात. ते कोणते, हे अध्यापकांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

मूळ कल्पना

विद्यार्थी एका महाविद्यालयातून दुसऱ्या ठिकाणी अर्ज करतो तेव्हा तो बोनाफाईड दाखला नेतो. पलीकडचा लिपिक त्या विद्यार्थ्याला ओळखत नाही. तो दाखल्यावरील शिक्का व सही पाहतो, तारीख पाहतो, दाखला कोणाच्या नावे दिला आहे ते पाहतो आणि अर्ज स्वीकारतो. संघीय प्रवेशातही हेच घडते. अध्यापकाचा परवलीचा शब्द फक्त त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयाला ठाऊक असतो. बाहेरच्या प्रणालीकडे तो कधीच जात नाही. तिकडे जातो तो महाविद्यालयाने दिलेला दाखला.

यात दोन बाजू असतात. दाखला देणाऱ्या बाजूला आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणतात आणि दाखला पाहून आत घेणाऱ्या बाजूला सर्व्हिस प्रोव्हायडर. येथे महाविद्यालय ही पहिली बाजू व डीस्पेस ही दुसरी. दाखल्याचा नमुना एसएएमएल ऊर्फ 'सॅमल' या मानकाने ठरवून दिलेला आहे. ओएसिस या मानक-संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २००२ साली आणि आज प्रचलित असलेली दुसरी आवृत्ती मार्च २००५ मध्ये मान्य केली.

हे मानक शिक्षणक्षेत्रात रुजवणाऱ्या प्रमुख प्रणालीचे नाव 'शिबोलेथ' असे आहे. २००० साली अमेरिकेतील इंटरनेट-टू या विद्यापीठ-समूहाने तिचे काम सुरू केले. हे नाव भाषेच्या अध्यापकांना विशेष अर्थपूर्ण वाटावे. बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावरील पहारेकरी प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला लावतात. ज्याच्या तोंडून 'श'ऐवजी 'स' निघेल तो शत्रुपक्षाचा ठरे आणि मारला जाई. कणीस या अर्थाचा हा हिब्रू शब्द अरबी 'सुंबुला'चा सगोत्र आहे. ज्याचे शीन-काफ दुरुस्त तो आपला, अशी ती कसोटी होती. नव्या प्रणालीने नाव तेच घेतले, परंतु कसोटी बदलली: येथे माणसाचा उच्चार तपासला जात नाही, त्याच्या संस्थेची सनद तपासली जाते.

दाखल्याचा प्रवास

समजा, एका शिक्षणसंस्थेची बेळगाव, मडगाव व वडोदरा येथे महाविद्यालये आहेत आणि तिने सर्वांसाठी डीस्पेसवर एक भांडार उभारले आहे. बेळगावची अध्यापिका त्यात आपला निबंध ठेवू इच्छिते. तिने प्रवेशाची कळ दाबताच 'आपले महाविद्यालय कोणते?' असे विचारणारी यादी येते. तिने बेळगाव निवडले की ब्राउझर तिला बेळगावच्या आयडेंटिटी प्रोव्हायडरकडे नेतो. तेथे ती नाव व परवलीचा शब्द भरते. महाविद्यालयाच्या नोंदवहीशी, म्हणजे बहुधा एलडॅप निर्देशिकेशी, तो ताडून पाहिला जातो. नोंद जुळली की दाखला तयार होतो आणि ब्राउझरमार्फतच तो डीस्पेसच्या सर्व्हरकडे पोचतो.

या दाखल्यात तो कोणी दिला, कोणाविषयी दिला, कोणत्या सेवेसाठी दिला, किती वेळ ग्राह्य आहे आणि त्या व्यक्तीचे गुणविशेष कोणते, या गोष्टी असतात. त्यावर महाविद्यालयाच्या खासगी किल्लीने अंकीय सही झालेली असते. स्वीकारणारी बाजू त्याच महाविद्यालयाच्या जाहीर किल्लीने सही पडताळते. शिवाय दाखला आपल्याच नावे आहे ना, मुदत संपलेली नाही ना आणि तोच दाखला पूर्वी वापरला गेलेला नाही ना, हेही पाहते. यातील एकही तपासणी गाळता येत नाही.

ही तपासणी करणारा कार्यक्रम स्वतः लिहिण्याच्या मोहात पडू नये. २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी सॅमल वापरणाऱ्या १४ प्रणाली तपासल्या. त्यांपैकी ११ प्रणालींत सही केलेला मजकूर तसाच ठेवून शेजारी बनावट मजकूर घुसवणे शक्य असल्याचे दिसले. म्हणून शिबोलेथसारखी जाणत्यांनी तपासलेली प्रणाली घ्यावी आणि ती वेळोवेळी अद्ययावत करावी.

विश्वासाची यादी

बेळगावची जाहीर किल्ली डीस्पेसला कोठून मिळाली? मेटाडेटा नावाच्या फायलीतून. प्रत्येक बाजूचे कायमचे नाव, तिचे पत्ते आणि तिची जाहीर किल्ली या फायलीत असते. तीन महाविद्यालये असतील तर फायली परस्परांना देऊन भागते. मात्र १० महाविद्यालये व १० सेवा असतील तर अशा १०० जोड्या सांभाळाव्या लागतील. त्याऐवजी सर्वांनी एका संघाकडे नोंद केली की २० नोंदींत काम होते. संघ एकत्रित यादी स्वतःच्या सहीनिशी प्रसिद्ध करतो व सर्वजण ती ठरावीक वेळाने उतरवून घेतात.

भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'इन्फेड' हा असा संघ असून तो शिबोलेथवर आधारलेला आहे. बेळगाव, मडगाव व वडोदरा येथील महाविद्यालये तीन राज्यांतील तीन विद्यापीठांशी संलग्न असली तरी संघाच्या यादीत ती शेजारी-शेजारी बसू शकतात. विखुरलेल्या संस्थांना ही सोय मोलाची आहे.

प्रत्यक्ष मांडणी

डीस्पेस टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालवता येते. त्याच्यापुढे अपाचे हा वेब-सर्व्हर ठेवतात आणि शिबोलेथची सर्व्हिस प्रोव्हायडर ही जोडणी अपाचेमध्ये बसवतात. दाखल्याची तपासणी अपाचेच्या दारात होते आणि तपासून निघालेले गुणविशेष टॉमकॅटकडे पाठवले जातात. डीस्पेसच्या मांडणी-फायलीत शिबोलेथ ही प्रवेशपद्धत चालू करून कोणत्या गुणविशेषाला काय समजायचे ते लिहावे लागते. या कामात पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१. कायमचे नाव : मेटाडेटातील नाव वेब-पत्त्यासारखे दिसते, पण ते ओळखीचे नाव असते. ते एकदाच विचारपूर्वक ठरवावे. पुढे बदलल्यास प्रत्येक जोडीदाराकडील नोंद निरुपयोगी होते.

२. दोन प्रमाणपत्रे : संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र व मेटाडेटातील किल्लीचे प्रमाणपत्र या भिन्न गोष्टी आहेत. पहिले बदलले म्हणून दुसरे बदलू नये. दुसरे बदलायचे असल्यास नवी किल्ली जुनीसोबत काही दिवस आधी यादीत प्रसिद्ध करावी, नंतरच जुनी काढावी.

३. घड्याळ : दाखल्यावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. शिबोलेथची स्वीकारणारी बाजू सामान्यतः १८० सेकंदांचाच फरक खपवून घेते. सर्व्हरचा कालविभाग चुकीचा ठेवून घड्याळ भारतीय वेळेला जुळवले, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि प्रत्येक दाखला नाकारला जातो. परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश मिळेना, तर प्रथम घड्याळ पाहावे.

४. मागचे दार : अपाचेच्या दारात पहारा आहे, पण टॉमकॅटचे स्वतःचे दार बाहेरच्या जगाला उघडे राहिले, तर कोणीही थेट आत येऊन 'मी अमुक प्राध्यापक' असे सांगणारे शीर्ष स्वतःच पाठवू शकतो. म्हणून टॉमकॅटने केवळ अपाचेचेच ऐकावे अशी व्यवस्था हवी. टॉमकॅटच्या एजेपी या जोडमार्गातील 'घोस्टकॅट' हा दोष २०२० साली उघड झाल्यावर तो मार्ग मुळात बंद ठेवूनच प्रणाली दिली जाऊ लागली. तो उघडायचा असल्यास त्याच संगणकापुरता उघडावा.

५. लिपी : शिबोलेथ नावे यूटीएफ-८ या संकेतात पाठवते, तर टॉमकॅट शीर्षातील मजकूर लॅटिन अक्षरांच्या जुन्या संकेतात वाचतो. इंग्रजी नावांत हा दोष कळत नाही. देवनागरी वा उर्दू नाव मात्र निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटते. डीस्पेसमध्ये हे रूपांतर दुरुस्त करणारी सोय आहे. ती चालू करावी. चाचणीसाठी किमान एक नाव देवनागरीत व एक उर्दूत घ्यावे.

ओळख कशावर बांधावी?

सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथे येतो. एकाच शेख घराण्याचे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. 'मुहम्मद' कधी पूर्ण, कधी संक्षेपाने येतो. पदवी प्रमाणपत्रावर एक, आधारपत्रावर दुसरे व सेवापुस्तकात तिसरे रूप आढळते. विवाहानंतर नाव बदलते ते वेगळेच. अशा वेळी नावावरून ओळख जुळवली तर एका अध्यापिकेची दोन खाती होतात, किंवा दोन समान नावांची माणसे एका खात्यात शिरतात.

ई-मेलही निर्धोक नाही. प्राचार्यांच्या कार्यालयाचा ई-मेल पदाचा असतो. प्राचार्य बदलले की जुन्या प्राचार्यांचे खाते नव्यांच्या हाती जाते. डीस्पेस प्रथम नेट-आयडी पाहते आणि तो न मिळाल्यास ई-मेलकडे वळते. म्हणून महाविद्यालयाने प्रत्येकाला एक न बदलणारा क्रमांक द्यावा, तोच नेट-आयडी म्हणून पाठवावा आणि माणूस सोडून गेल्यावर तो दुसऱ्या कोणाला देऊ नये.

दाखल्यात जेवढे लागेल तेवढेच पाठवावे. केवळ वाचनासाठी प्रवेश हवा असेल, तर 'या महाविद्यालयाची अध्यापक' एवढी संलग्नता पुरते. नाव, दूरध्वनी, जन्मतारीख यांची गरज नसते. शिक्षणसंस्थांसाठी २००१ साली प्रथम मांडलेल्या 'एड्यूपर्सन' या शब्दावलीत अध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी, सदस्य अशा संलग्नता ठरवून दिल्या आहेत. त्यांवरून डीस्पेसमधील गट व अधिकार ठरवता येतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाल्यानंतर हा संयम केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरलेला नाही.

प्रवेशाप्रमाणे निर्गमनाचाही विचार व्हावा. डीस्पेसमधून बाहेर पडले तरी महाविद्यालयाकडील प्रवेश चालू राहू शकतो. सामाईक संगणककक्षात पुढे बसणाऱ्याला मग परवलीच्या शब्दाविना आत जाता येते. काम संपल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करावा, अशी सूचना प्रत्येक संगणकाशेजारी लावणे योग्य.

समारोप

एकल प्रवेशामुळे परवलीच्या शब्दांचा भार हलका होतो, पण तो नाहीसा होत नाही. तो नोंदवहीकडे सरकतो. जूनमध्ये निवृत्त झालेल्या अध्यापकाचे नाव डिसेंबरपर्यंत वहीत राहिले, तर त्यांच्या नावे सहीनिशी खरा दिसणारा खोटा दाखला निघत राहील. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापिकेचे नाव वहीत चढलेच नाही, तर ती वर्गात रोज शिकवत असूनही ग्रंथालय तिला अध्यापक मानणार नाही. सॉफ्टवेअर या दोन्ही चुका पकडू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सही अस्सल असते.

म्हणून महाविद्यालयाने या मांडणीच्या आरंभीच तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात: नाव नोंदवणे व काढणे ही जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्याची, ते किती दिवसांत व्हावे, आणि तासिका तत्त्वावरील व अतिथी अध्यापकांची नोंद कोणत्या संलग्नतेखाली घ्यावी. जे महाविद्यालय आपली वही खरी ठेवते, त्याच्याच दाखल्याला बाहेर किंमत राहते.