छातीचा फोटो आधी, बॅग नंतर

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काष्टीच्या आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. ऊसतोडीवर उभं राहिलेलं घर, आणि त्या घरातल्या मुलाला इंग्लंडमधल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. विहारात सत्कार झाला, आईला स्टेजवर बोलावलं. जुलै संपत आला तेव्हा तोच मुलगा एक्स-रेचं पाकीट घेऊन आमच्या दारात उभा होता. व्हिसासाठी टीबीची तपासणी करायला तो मुंबईला गेला होता. छातीच्या फोटोत उजव्या बाजूला वर डाग दिसला. अकरावीत असताना त्याला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाऊन तो पूर्ण बरा झाला होता. पण घरच्यांनी ही गोष्ट चुलत्यालाही कळू दिली नव्हती, आणि उपचाराचं कार्ड पत्र्याखाली पावसात भिजून गेलं होतं.

डाग दिसला की तो जुना आहे की नवा, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. मग तीन दिवस सकाळी बेडका घेतात आणि कल्चरला लावतात. टीबीचे जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून पक्का निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. मुलाचे वर्ग सप्टेंबरात सुरू झाले. निकाल ऑक्टोबरात आला, स्वच्छ. जंतू नव्हतेच. विद्यापीठाने प्रवेश पुढच्या वर्षावर टाकला. आईने आम्हाला विचारलं, "ताई, रोग नव्हता तर वर्ष का गेलं?"

वर्ष गेलं ते उशिरामुळे. कार्ड जपलं असतं तरी बेडका बहुधा द्यावा लागलाच असता, ही गोष्ट आम्ही खरी तीच सांगतो. पण हीच तपासणी मे महिन्यात झाली असती तर मुलगा वेळेवर विमानात बसला असता.

आपल्याकडे परदेशी शिक्षणाचं बोलणं निघालं की शिष्यवृत्ती, गुण, इंग्रजीची परीक्षा एवढंच निघतं. व्हिसातला आरोग्याचा भाग शेवटी उरकायचा म्हणून ठेवला जातो. या पानावर आम्ही तेवढ्याच भागाबद्दल लिहितो आहोत.

ब्रिटनचा नियम असा. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहायला जाणाऱ्याला टीबी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्याचंच चालतं, आणि त्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर असते. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचं, मोठ्या हॉस्पिटलचंसुद्धा, चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं आणि व्हिसाचा अर्ज भरताना ते मुदतीत असावं लागतं. म्हणजे वर्ग सप्टेंबरला असतील तर एप्रिल-मेमध्ये तपासणी करून टाकावी. शिष्यवृत्तीच्या यादीची वाट बघत थांबू नये. यादीत नाव आलं नाही तर तपासणीचे पैसे वाया जातील, हे खरं. पण नाव आलं आणि तपासणी राहिली असेल तर काय जातं, ते वर सांगितलं आहे.

तपासणीत चालू टीबी सापडला तर? तर किमान सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करायचा आणि पुन्हा तपासून जायचं. दार कायमचं बंद होत नाही. पूर्वी टीबी होऊन गेला म्हणून कुणाचा व्हिसा नाकारत नाहीत. हे वाक्य आम्ही वस्तीत किती वेळा बोललो असू! तरी आजही आया आम्हाला कोपऱ्यात नेऊन कुजबुजत विचारतात, "जुना टीबी लपवला तर चालेल का?" फोटोत दिसणारी गोष्ट लपत नाही. दवाखान्यात विचारतील तेव्हा सरळ सांगा: अमुक साली झाला, इतके महिने गोळ्या खाल्ल्या, अमुक सरकारी दवाखान्यात. सरकारी उपचार असेल तर निक्षयवर नोंद असते. कार्ड हरवलं असेल तर श्रीगोंद्याला ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगाच्या पर्यवेक्षकांना भेटा आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला मागा. जुना एक्स-रे असेल तर तोही सोबत न्या. डॉक्टरांना तुलना करायला तो फार उपयोगी पडतो.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि क्षयाने 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. आज औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. लाज मात्र तेव्हाची तशीच राहिली आहे.

आता पैशाकडे येऊ. ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार भरावा लागतो. हा विमा नव्हे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, उपचार मिळावेत म्हणून आगाऊ घेतलेली ती रक्कम आहे. 2015 मध्ये हा अधिभार सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला 150 पौंड होता, 6 फेब्रुवारी 2024 पासून तो 776 पौंड झाला. आणि फसगत होते ती इथेच. घरचे म्हणतात, एक वर्षाचा कोर्स, म्हणजे 776. पण व्हिसा कोर्सपेक्षा लांब असतो: बारा महिन्यांच्या कोर्सला आधीचा एक महिना आणि नंतरचे चार महिने जोडून साधारण सतरा महिने. वरचे महिने सहा किंवा कमी असतील तर अर्ध्या वर्षाचे पैसे, सहापेक्षा जास्त असतील तर पूर्ण वर्षाचे. म्हणून 776 अधिक 388, एकूण 1,164 पौंड. रुपयांत सव्वा लाखाच्या वर. हे हप्त्याने नाही, अर्ज करतानाच एका फटक्यात ऑनलाइन भरायचे. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही.

आपल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना दर वर्षी 75 जागा, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, वय पदव्युत्तरसाठी 35 पर्यंत आणि पीएच.डी.साठी 40 पर्यंत. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून ती चालते. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानाचं तिकीट आणि आरोग्य विमा यात धरलेला आहे. पण धरलेला असणं आणि अर्जाच्या दिवशी खात्यात पैसे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिभार तुम्हाला आधी भरावा लागला तर पुढे त्याची भरपाई कशी आणि कोणत्या पावतीवर मिळेल, हे निवड होताच लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर शेळ्या विकू नका, सावकाराच्या दारात जाऊ नका. पावतीची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजंटच्या मोबाइलमध्ये असलेली पावती ही पावती नव्हे.

एजंटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाला शहरातल्या एका एजंटने अधिभाराशिवाय वर्षाची प्रवास विम्याची पॉलिसी गळ्यात घातली, "याशिवाय व्हिसा मिळत नाही" म्हणून. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला अशी पॉलिसी लागत नाही, आणि ती घेतली म्हणून अधिभार चुकतही नाही. सामान हरवलं, विमान चुकलं यासाठी कुणाला हवी असेल तर त्याने जरूर घ्यावी, पण समजून घ्यावी.

अधिभार भरल्यावर मिळतं काय? पहिल्या दिवसापासून डॉक्टर आणि दवाखाना, तोही आधीच्या आजारांसह. मधुमेह, थायरॉइड, विदर्भातल्या आपल्या नातलगांत दिसणारा सिकलसेल, यांतलं काहीही असलं तरी थांबायचा काळ नाही. मात्र गेल्यावर पहिल्याच आठवड्यात राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्या दवाखान्यात, नाव नोंदवायचं. आपली मुलं नोंदवत नाहीत, आजारी पडेपर्यंत थांबतात, मग तापात फणफणत फॉर्म भरतात. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधाचे वेगळे पैसे पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते लागत नाहीत. दात आणि चष्मा मात्र महागात जातात. म्हणून किडलेली दाढ इथेच भरून घ्या, चष्मे दोन करून न्या. आणि मिश्री-तंबाखूची सवय असेल तर ती विमानतळाच्या अलीकडेच सोडा.

रोजची गोळी चालू असेल तर दोन-तीन महिन्यांचा साठा, डॉक्टरांची इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी, आणि त्यात औषधाचं कंपनीचं नाव नव्हे तर मूळ नाव. बायकांसाठी एक गोष्ट: दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर एक्स-रेच्या आधी तिथे सांगा. त्यांच्याकडे दुसरा मार्ग असतो. विवाहितांनी हेही लक्षात घ्यावं की 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटनला शिकवणीच्या मास्टर्सला जाणाऱ्या बहुतेकांना जोडीदार आणि मुलं सोबत नेता येत नाहीत.

सगळे देश ब्रिटनसारखे नाहीत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, म्हणून आपली मुलं तिकडे वळू लागली आहेत. तिथे आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठ नावच नोंदवत नाही. सरकारी विमा विद्यार्थ्यांना सवलतीत, महिन्याला साधारण 145 युरोच्या आसपास मिळतो, पण वयाच्या 30 वर्षांपर्यंतच. हा मुद्दा आपल्या घरांना जास्त लागू आहे. आपली मुलं सरळ रेषेत शिकत नाहीत. मध्ये दोन वर्षं नोकरी, बहिणीचं लग्न, वडिलांचं आजारपण, मग पुन्हा कॉलेज. शिष्यवृत्तीला 33 वय चालतं, पण जर्मन विम्याची सवलत तोवर संपलेली असते, आणि मग महागडा किंवा खाजगी विमा घ्यावा लागतो. स्वस्त दिसतो म्हणून पहिल्याच वर्षी सरकारी विमा नाकारून खाजगी घेतला, तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही. सही करण्याआधी हे विचारा. खात्यात दाखवायची वर्षाची 11,904 युरोंची रक्कम हा वेगळा विषय आहे. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर त्यातून वाट निघते.

अमेरिकेत सरकारी कायदा एफ-1 व्हिसावर विमा सक्तीचा करत नाही, विद्यापीठं करतात. बहुतेक ठिकाणी विम्याचा हप्ता फीच्या बिलातच आपोआप लागून येतो. दुसरा चालणारा विमा असेल तर सूट मागता येते, तारीख उलटली की नाही. जे-1 व्हिसावर मात्र सरकारच अट घालतं: एका आजाराला किंवा अपघाताला किमान 1 लाख डॉलरचं संरक्षण. तिथे विम्याशिवाय एक रात्र दवाखान्यात काढणं म्हणजे इथलं घर विकणं.

अमेरिकन विद्यापीठं लसींची नोंद मागतात, विशेषतः गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचे दोन डोस. आपल्या मुलांची लसीकरणाची कार्डं कुठे असतात? ट्रंकेत, नाहीतर कुठेच नाही. नोंद नसेल तर डोस पुन्हा घेता येतात, त्यात धोका नाही, पण दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं. टीबीसाठी तिथे कधी कधी हातावर सुई देऊन सूज मोजतात. आपल्याकडे जन्मतः बीसीजी दिलेली असते, तिच्यामुळे ही सूज उगाचच येऊ शकते. अशा वेळी घाबरून न जाता रक्तातून करायची इग्रा तपासणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा विद्यार्थी विमा आधीच घ्यावा लागतो, आणि आधीपासूनच्या आजारांना बारा महिने थांबावं लागतं. सिकलसेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने देश निवडतानाच याचा विचार करावा.

एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते. वस्तीतून गेलेलं मूल तिकडे एकटं पडतं. घरी फोनवर "मस्त चाललंय" सांगतं आणि रात्ररात्र झोपत नाही. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंडांत त्यांनी कसे दिवस काढले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि पोट मारणं म्हणजेच शिकणं असं मुलं त्यातून धरून चालतात. विद्यापीठात समुपदेशक असतो, तो बहुतेक ठिकाणी फुकट असतो, आणि त्याच्याकडे गेल्याने व्हिसाला काही होत नाही. हे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःहून मुलाला सांगावं. आपण सांगितलं नाही तर ते जाणार नाही.

काष्टीच्या त्या मुलाने या वर्षी मे महिन्यातच मुंबई गाठली. सोबत गेल्या वर्षीचे एक्स-रे, कल्चरचा रिपोर्ट आणि श्रीगोंद्याहून मिळवलेला उपचाराचा दाखला होता. पुन्हा बेडका द्यावा लागला, पुन्हा वाट पाहावी लागली. या वेळी वाट पाहायला दिवस होते. प्रमाणपत्र जुलैत हातात पडलं.

पुढच्या वर्षी ज्यांच्या घरातलं मूल अर्ज करणार आहे, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात आम्हाला भेटावं. लसीचं कार्ड, जुने एक्स-रे, असेल तर टीबीचं कार्ड, आणि पासपोर्ट काढला नसेल तर तेही सांगावं. आईला सोबत आणा. मुलाला लहानपणी काय काय झालं होतं, ते तिलाच आठवत असतं.