नक्षी शाबूत, तरी टायर म्हातारा

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नुसत्या उभ्या गाडीच्या टायरलाही बाजूने बारीक भेगा पडतात. हे झिजेचं काम नव्हे, हवेचं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराचे लांब रेणू तोडतो. ऊन आणि ऑक्सिजन रबर कडक करतात. म्हणून रबरात मेण आणि संरक्षक रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबतं, सैल होतं आणि ती पृष्ठभागावर येतात, अंगाला चोळलेल्या तेलासारखी. उभ्या गाडीत हे पाझरणं मंदावतं.

त्यामुळे ‘नक्षी अजून चांगली आहे’ हा युक्तिवाद अपुरा पडतो. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते हे खरं, पण ती झीज सांगते, वय नाही. वय बाजूवरच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी निरोप, असं अनेक कंपन्या सांगतात. विदर्भाच्या उन्हात त्याआधीच बदलावा, असं माझं मत. केसाएवढ्या वरवरच्या भेगांसाठी लगेच खर्च नको. भेगेत धागे दिसले किंवा फुगवटा आला, तर मात्र गाडी समृद्धी महामार्गावर नेऊच नये. चारही टायरचे पैसे नसतील तर दोन घ्या आणि मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी सावरणं फार कठीण.